इओसिनोफिल वाढलेत? टक्के सोडा, आकडा काढा

प्रश्न (रावेर): वय ४५, केळीच्या बागेत काम. तीन महिने खाज, खोकला, आता चालताना दम लागतो. पांढऱ्या पेशी १४,०००, इओसिनोफिल ३२ टक्के. ॲलर्जी म्हणून स्टेरॉइड सुरू करायचं म्हणताहेत. करू का?

दादा, इओसिनोफिल हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, तेव्हा आधी गुणाकार करा. १४,००० चे ३२ टक्के म्हणजे ४,४८०. नॉर्मल ५०० च्या आत. १,५०० च्या वर गेला आणि दोन आठवड्यांनी परत तपासला तरी वरच, शिवाय हृदय, फुफ्फुस, नसा अशा एखाद्या अवयवाला त्रास आणि दुसरं कारण सापडत नाही, तर त्याला हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम म्हणतात. दुर्मिळ आहे, पण तुम्हाला दम लागतोय म्हणून दोन आठवडे वाट बघू नका, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) याच आठवड्यात करा. या पेशी हृदयाच्या आतल्या अस्तरात शिरून ते खराब करतात, आत गुठळ्या होतात, आणि सुरुवातीला बऱ्याचदा छातीत काही दुखतही नाही.

आता स्टेरॉइडचं. बागेत अनवाणी पाण्यात उभं राहता ना? ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून शिरणारा स्ट्रॉंगिलॉइडिस नावाचा जंत असतो, तो वर्षानुवर्षं पोटात राहतो आणि स्टेरॉइड दिलं की अंगभर पसरून जीवावर बेतू शकतो. एकदा शौच तपासून सापडला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, रक्ताचीही टेस्ट असते. डॉक्टरांना बागेचं काम आवर्जून सांगा, ते आधी आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध देतील. नेहमीच्या जंताच्या गोळीवर, नुसत्या अल्बेंडाझोलवर, भागत नाही.

प्रश्न (शिरपूर): मुलाचे ९ टक्के आलेत, एकूण पेशी ८,०००. झोप उडालीय.

ताई, ७२० होतात. जंत, दमा, ॲलर्जीत इतके वाढतात. डॉक्टरांना दाखवा, पण झोपा निवांत.

प्रश्न (भुसावळ): भावाला हाच सिंड्रोम निघाला, जीन टेस्टला पैसे घालवायचे का?

हो, हीच टेस्ट टाळू नका. काही रुग्णांत, बहुतेक पुरुषांतच, दोन जीन चुकीचे जोडले जातात, एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए. हे २००३ मध्ये सापडलं. हा खरं तर रक्ताच्या कॅन्सरचाच प्रकार, पण इमॅटिनिब या गोळीच्या रोजच्या कमी डोसवर इतका छान आटोक्यात येतो की काउंट बऱ्याचदा काही दिवसांत खाली येतो. स्टेरॉइड चालू असेल तर मनाने बंद करू नका, आणि इमॅटिनिब सुरू केल्यावर पहिले काही दिवस हृदयावर लक्ष ठेवायला डॉक्टरांना सांगा.