सुनेच्या ताटात काय वाढू?

प्रश्न : माझ्या सुनेला फुफ्फुसाचा टीबी निघाला आहे. वय २६, वजन ३८ किलो. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सात व चार वर्षांची दोन नातवंडं. शेती कोरडवाहू. शेजारणी म्हणतात, तिचं ताट-वाटी वेगळं ठेवा, अंडी उष्ण पडतात, देऊ नका. मुलाने मोबाइलवर वाचलं की झारखंडमध्ये नुसतं रेशन देऊन टीबी कमी झाला. हे खरं आहे का? मग गोळ्या कशाला?
— एक सासू, सिन्नर तालुका

उत्तर : ताई, आधी ताट-वाटीचं बोलू. टीबी उष्ट्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. औषधं लागू पडली की थोड्याच आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. घराची दारं-खिडक्या उघडी ठेवा, खोकताना तिने तोंडावर रुमाल धरावा. ताट मात्र वेगळं करू नका. ताट वेगळं झालं की पंगत वेगळी होते, आणि त्या पंगतीला उरलंसुरलंच येतं. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

झारखंडचं तुमच्या मुलाने वाचलं ते खरं आहे, पण अर्धं. तिथे रुग्णांच्या गोळ्या चालूच होत्या. अन्न गोळ्यांच्या जोडीला दिलं होतं. गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

आता उरलेलं अर्धं सांगते. मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत हा अभ्यास केला. फुफ्फुसाच्या टीबीचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. रुग्णांमध्ये पुरुषांचं सरासरी वजन साडेबेचाळीस किलोच्या आसपास आणि बायकांचं छत्तीस. तुमच्या सुनेचे ३८ किलो वाचताना मला तेच आकडे आठवले. रुग्णांना, कुठल्याही गटातले असोत, दरमहा दहा किलोचा शिधा मिळाला. कुणाही आजारी माणसाला तुलनेसाठी उपाशी ठेवलं नाही, याचं मला मोठं मोल वाटतं. फरक होता तो घरच्यांत. एका गटातल्या घरच्यांना मोठ्या माणसामागे दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना यातलं काही दिलं नाही. ज्या घरांत सगळे जेवले, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. आणि तपासणीत जंतू सापडलेला फुफ्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी. तांदूळ आणि डाळ, ताई! ऑगस्ट २०२३ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि मग बराच वेळ काही वाचता आलं नाही.

त्याचं कारण सांगते. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या दवाखान्यात होते. विड्या वळणारी एक बाई टीबीच्या औषधांसाठी यायची. मी तिच्या केसपेपरवर दर वेळी खाली लिहायचे, ‘चौरस आहार’. तिसऱ्या खेपेला तो कागद पुढे करून तिने विचारलं, “बाई, हे औषध कोणत्या दुकानात मिळतं? दोन ठिकाणी विचारलं, नाही म्हणाले.” चौथ्या महिन्यात ती गेली. थुंकीतले जंतू तेव्हा दिसेनासे झाले होते. वजन होतं एकतीस किलो. मी दोन शब्द लिहून मोकळी होत होते. ते तिच्या चुलीपर्यंत कसे पोचणार, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या सुनेला थेट लागू पडते. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. तिच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो. तेव्हा वजन हा तुमचा कामाचा आकडा. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन महिन्यांत काटा हलला नाही किंवा मागे आला, तर नुसती वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांची संख्याही वजनावरच ठरते, म्हणून वजन वाढलं तरी ते दवाखान्यात सांगायचंच.

आता काय वाढायचं ते. अंडी उष्ण पडतात म्हणून टाळणं हे या आजारात नुकसानीचं आहे. तुमच्याकडे चालत असतील तर रोज दोन द्या. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर शेंगदाण्यात त्याहून थोडी जास्तच. महागडी पावडर घेऊ नका. बाजरीची भाकरी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, दूध, वर तेला-तुपाची धार. सुरुवातीला तिला भूक नसेल, मळमळेल. अशा वेळी ताट भरून समोर ठेवण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. लघवी लालसर-केशरी झाली तर घाबरू नका, तो गोळीचा रंग आहे. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक गोष्ट स्पष्ट विचारते, रागावू नका. तुमच्या घरी सून कधी जेवते? सगळ्यांचं झाल्यावर, टोपाला लागलेलं खरवडून? तसं असेल तर निदान हे सहा महिने तिला पहिल्या पंगतीला बसवा, आणि वाढायला तुम्ही उभ्या राहा. तुम्ही वाढलंत तर ती नको म्हणणार नाही. आणि तुम्हीही पोटभर जेवा. झारखंडने दाखवलं ते हेच, की घरातल्या प्रत्येकाचं पोट भरलेलं हवं.

नातवंडांना या आठवड्यातच दवाखान्यात न्या. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त असतो. टीबी नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करतात. तुम्हा मोठ्यांचीही तपासणी होईल; घरात कुणाला मधुमेह असेल तर ते तिथे आवर्जून सांगा.

पैशाचंही विचारून घ्या. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर महिन्याला ५०० रुपये येत; नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. खातं तिच्या नावाचं आहे ना आणि रक्कम जमा होते ना, हे मुलाला बघायला लावा. त्या पैशाचं खत-बियाणं आणू नका. अंडी, शेंगदाणे, डाळच आणा.

प्रश्न : माझ्या भावाला दहा वर्षांपूर्वी औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. वीस महिने उपचार, त्यात इंजेक्शनं, आणि त्याचे कान गेले. आता मावसबहिणीला तसाच निघाला आहे. सहा महिन्यांत बरं होतं म्हणतात. विश्वास ठेवू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ठेवा. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांचा हा उपचार आहे. सगळ्या गोळ्या आहेत, इंजेक्शन एकही नाही. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात झालेल्या चाचणीत या उपचाराचा ८९ टक्के रुग्णांना गुण आला. तेव्हाच्या लांबलचक उपचारात तो ५२ टक्क्यांनाच आला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने त्याला मान्यता दिली. भावाचे कान ज्यामुळे गेले, ती सुई यात नाही. हे तिला आधी सांगा, कारण तिच्या डोळ्यांसमोर भावाचेच हाल असणार.

हा उपचार सगळ्यांना चालत नाही, उदाहरणार्थ गरोदरपणात. कोणती औषधं लागू पडतात हे थुंकीच्या तपासणीवरून ठरेल. लिनेझोलिडवर लक्ष ठेवावं लागतं. पावलांना मुंग्या येऊ लागल्या, नजर धूसर झाली किंवा चालताना धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. आणि वजनाचं वरच्या उत्तरात लिहिलं आहे, ते तिच्या कॅलेंडरवरही लिहायला लागा.