नॅनोकणांचे कायदे: लॉ नंतर, आधी मोजमाप

प्रश्न : मी रसायनशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नॅनोकणांचे पर्यावरणीय धोके आणि त्यावरचे नियम यांत काम करायचं आहे. घरचे म्हणतात, नियमांचंच काम करायचं तर लॉ कर. काय करू?

उत्तर : लॉची घाई नको. या क्षेत्रात नियमांचं गाडं अडतं ते मोजमापापाशी, आणि तिथे तुझं रसायनशास्त्रच कामाला येणार आहे.

युरोपियन युनियनची 2022ची व्याख्या बघ. पदार्थातले निम्मे किंवा जास्त कण 1 ते 100 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असले, की तो नॅनोपदार्थ. निम्मे म्हणजे संख्येने, वजनाने नव्हे. आता तोच नमुना डीएलएस यंत्रात, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रात, घाल. इतक्या बारीक कणांकडून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांना भारी पडतो! थोड्याशा गुठळ्या राहिल्या तरी यंत्र मोठा आकार दाखवतं आणि नॅनोपदार्थ नियमातून निसटू शकतो. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायला शीक. गुठळीतला ओळखू येणारा प्रत्येक कण वेगळा धरायचा असतो.

एमएस्सीला विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घे, आणि प्रकल्प विषारीपणाच्या चाचणीचा कर. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 202 क्रमांकाची चाचणी सुरुवातीला बरी : डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जिवाची 24 तासांच्या आतली पिल्लं, दर मात्रेला किमान 20, आणि 48 तासांनी किती हालत नाहीत ते बघायचं. नॅनोचांदी घेतलीस तर सिल्व्हर नायट्रेटचा वेगळा संच लावच. कणांतून चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) सुटतात, आणि सिल्व्हर नायट्रेटमधून चांदीचे फक्त आयनच मिळतात. पिल्लं कणांमुळे मेली की आयनांमुळे, हे त्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय कण तळाशी बसतात, म्हणून चंचुपात्रातलं प्रमाण सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा मोज. बाटलीवरच्या लेबलाची मात्रा अहवालात लिहिणं ही फार घातक सवय आहे. शेवाळावरच्या चाचणीत टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांची सावली पडून उजेड कमी झाल्यानेही वाढ खुंटते, तेही तपासावं लागतं.

खरा धोका कुठे साचतो, हेही शिकायला हवं. सांडपाण्यातल्या नॅनोचांदीचं बहुतांशी सल्फाइड होतं आणि ती गाळात उतरते. तो गाळ खत म्हणून शेतात गेला की प्रश्न नदीचा न राहता मातीचा होतो.

नियम सोबतच वाचत जा. युरोपच्या रसायनांसाठीच्या 'रीच' नियमावलीत 1 जानेवारी 2020पासून नॅनोरूपांची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. फ्रान्समध्ये नॅनोपदार्थाची वर्षाला 100 ग्रॅमपासून नोंद बंधनकारक आहे. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत 'नॅनो' लिहावं लागतं. अशी माहितीपत्रं तयार करणारे नोंदणी विभाग, चाचणी प्रयोगशाळा आणि ती तपासणाऱ्या नियामक संस्था, तुझ्या नोकऱ्या इथे आहेत. प्रयोगशाळेत दोनेक वर्षं काढल्यावर नियामक व्यवहारांचा पदविका अभ्यासक्रम कर. लॉचा विचार तेव्हा करता येईल.