आवाज घुमतो कुणामुळं?

प्रश्न : आम्ही चौघं मित्र रात्री बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांच्या लढाईचा गेम खेळतो. मी बोललो की माझाच आवाज क्षणभरानं परत ऐकू येतो. हेडफोन बदलला, फरक नाही.
– राजारामपुरी

उत्तर : जुना हेडफोन टाकून देऊ नका, तो निर्दोष आहे. आपलाच आवाज परत येतो तेव्हा दोष बहुतेक दुसऱ्याकडं असतो. चौघांपैकी एकजण स्पीकर मोठा करून, माइक चालू ठेवून खेळतोय. तुमचं बोलणं त्याच्या स्पीकरमधून निघून त्याच्याच माइकमध्ये शिरतं आणि तुमच्याकडं परततं. त्याला मात्र काहीच घुमल्यासारखं वाटत नाही, म्हणून तो छातीठोकपणे सांगणार, ‘माझं सगळं ओके हाय भावा!’ विश्वास ठेवू नका. एकेकाला म्यूट करत चला. ज्याच्या पाळीला घुमणं थांबेल, त्याला हेडफोन लावायला सांगा. खरं नुकसान वेगळंच आहे. त्याच्या गेममधल्या पावलांचा आवाजही तुमच्या कानात येतो आणि तुम्ही रिकाम्या दाराकडं बंदूक रोखून बसता.

प्रश्न : पीसीवर व्हॅलोरंट हा गेम खेळताना मित्राचा कॉल जोडला की गेमचा आवाज एकदम बारीक होतो.
– कसबा बावडा

उत्तर : ही विंडोजची करामत. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘साउंड’ उघडा, ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर जा. तिथं बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचं आधीच ठरलेलं असतं. ‘डू नथिंग’ निवडा, संपलं.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर गाणी झकास वाजतात, पण गेममध्ये माइक चालू केला की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज येतो.
– इचलकरंजी

उत्तर : माइक चालू होताच बहुतेक ब्लूटूथ हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातात. स्टिरिओ जाऊन मोनो येतो, म्हणजे शत्रू डावीकडं की उजवीकडं, काही कळत नाही. लॅपटॉप असेल तर इनपुटला लॅपटॉपचाच माइक निवडा. मोबाइलवर साधा वायरचा इअरफोन बरा. आवाज उशिरा पोचण्याची कटकटही त्यानं मिटते. महागड्या ‘गेमिंग’ हेडसेटवर एवढ्यासाठी पैसे घालवू नयेत.

प्रश्न : मुलगा खेळताना आम्ही घरात बोलतो ते बाहेर ऐकू जातं का? आणि तो इतका ओरडतो का?
– एक आई, शाहूपुरी

उत्तर : माइक सतत चालू असेल तर जातं, कुकरच्या शिट्टीसकट. टीममध्ये अनोळखी मुलंही असू शकतात. पीसी असेल तर ‘पुश टू टॉक’ लावायला सांगा, मग कीबोर्डवरची ठरलेली की दाबली तरच आवाज जातो. मोबाइलवर बोलून झालं की माइकचं चिन्ह बंद करायचं. ओरडण्याचं कारण साधं आहे : कान झाकणाऱ्या हेडफोनात स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. हेडसेटमध्ये ‘साइडटोन’ (आपलाच आवाज आपल्या कानात ऐकवणारी सोय) असेल तर थोडा वाढवा, नसेल तर एक कान उघडा ठेवून खेळू दे.