सुडो सारखा पासवर्ड मागतो

प्रश्न : उबुंटू २४.०४ मध्ये टर्मिनलवर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारी आज्ञा) वारंवार पासवर्ड विचारतो. उपाय?

उत्तर : एकदा दिलेला पासवर्ड १५ मिनिटं चालतो, पण त्याच टर्मिनलपुरता. नवा टॅब उघडला की पुन्हा विचारणा होते, म्हणून आधी एकाच टॅबमध्ये काम करून पाहा. मुदत वाढवायची तर ‘सुडो व्हिसुडो’ चालवून उघडणाऱ्या सुडोच्या सेटिंग फाइलमध्ये ‘डिफॉल्ट्स टाइमस्टॅम्प_टाइमआउट=३०’ ही ओळ रोमन लिपीत टाका; पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी स्मॉल. ही फाइल साध्या एडिटरमध्ये उघडूच नका. चूक राहिली तर सुडोच अडू शकतो. व्हिसुडो ती लगेच दाखवतो. सरसकट ‘नोपासवर्ड’ (पासवर्डच न विचारण्याची सूट) मात्र कृपा करून देऊ नका, कुठलीही स्क्रिप्ट गुपचूप रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होईल. चौकटीत येणारी विचारणा पोलकिट या परवानग्या तपासणाऱ्या वेगळ्या यंत्रणेची; तिला ही ओळ लागू नाही.