परदेशाकडे तपासात मदतीची विनंती लिहायला बसशील तेव्हा

सप्रेम नमस्कार,

आरोपी किंवा पैसा देशाबाहेर गेला, की नव्या तपास अधिकाऱ्याच्या तोंडी पहिल्यांदा येते ती रेड नोटीस, म्हणजे माणूस शोधून तात्पुरती अटक करावी अशी इंटरपोलमार्फत जाणारी विनंती. ती जरा बाजूला ठेव. रेड नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट नव्हे. इंटरपोल स्वतः कोणाला पकडत नाही; तिच्या 196 सदस्य देशांपैकी प्रत्येक जण नोटिशीला किती वजन द्यायचं ते आपापल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. शिवाय प्रकरण राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाचं असेल, तर संघटनेच्या घटनेतलं कलम 3 आडवं येतं. तपासाच्या सुरुवातीला बहुतेक वेळा ब्लू नोटीस पुरते: हा माणूस नक्की कोण, राहतो कुठे, करतो काय, एवढंच ती विचारते.

त्याआधी दोन वाटा मनात वेगळ्या करून ठेव. पहिली पोलिसांकडून पोलिसांकडे. 2003 पासून इंटरपोलचं आय-24/7 जाळं यासाठीच चालतं, आणि प्रत्येक देशाचा राष्ट्रीय केंद्रीय ब्युरो त्याला जोडलेला असतो. इथून मिळते ती माहिती, म्हणजे तपास कुठे वळवायचा त्याचा इशारा. कोर्टात टिकणारा पुरावा हवा असेल तर दुसरी वाट, परस्पर कायदेशीर साहाय्याची, म्हणजे एका देशानं दुसऱ्याकडे पुरावा रीतसर मागण्याची. ती केंद्रीय प्राधिकरणामार्फत, म्हणजे अशा विनंत्यांसाठी देशानं नेमलेल्या कार्यालयामार्फत जाते आणि सावकाश जाते. पहिल्या वाटेचं उत्तर, पाठवणाऱ्याची परवानगी न घेता, सरळ आरोपपत्राला जोडणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक. पुरावा उडतो तो उडतोच, वर पुढच्या वेळी समोरचा देश मोघम उत्तरं द्यायला लागतो.

क्रम मात्र वेळेच्या धाकानं ठरतो. आधी पैसा. चोरीची रक्कम पहिल्या खात्यातून तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या म्यूल खात्यात (चोरीचा पैसा फिरवायला वापरलेलं दुसऱ्याच्या नावाचं खातं) जाते, तेव्हा कागद रंगवत बसू नको. फिर्यादीच्या बँकेकडून रक्कम परत मागणारा संदेश पाठवायला लाव आणि त्याच वेळी इंटरपोलच्या आय-ग्रिप यंत्रणेतून पैसे रोखण्याची विनंती कर. मग डेटा. सायबर गुन्ह्यांविषयीचा बुडापेस्ट करार 2001 चा. त्याच्या सदस्य देशांत चोवीस तास चालू असलेलं संपर्ककेंद्र असतं आणि डेटा पुसला जाऊ नये म्हणून जतनाची विनंती तिथे करता येते. परदेशी विनंतीवर केलेलं जतन किमान 60 दिवस टिकतं. जतन म्हणजे डेटा हाती आला असं नाही, फक्त तो गोठला. त्या मुदतीत औपचारिक विनंती गेली नाही, तर तो जाऊ शकतो. म्हणून मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधीची तारीख डायरीत टाक.

आता प्रत्यक्ष लिखाण. ‘सदर आयपी ॲड्रेसची संपूर्ण माहिती तातडीने पुरवावी’ हे वाक्य वाचून समोरचा काहीच करू शकत नाही. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात; त्यातला नेमका ग्राहक वेळ आणि सोर्स पोर्ट, म्हणजे त्या जोडणीचा क्रमांक, यांवरून ओळखता येतो. त्यामुळे असं लिही: ‘14 मार्च 2025, 02:17:45 यूटीसी, सोर्स पोर्ट 51344, या क्षणी हा पत्ता वापरणाऱ्या ग्राहकाचं नाव व नोंदणीचा पत्ता.’ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. टाइम झोन राहिला तर तासाभराच्या फरकानं भलत्याच माणसाच्या दारावर थाप पडते. महिना अक्षरांत लिही. 03/04 चा अर्थ दोन देशांत दोन निघतो. नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनं. वाक्यं आखूड, कारण तुझा मजकूर कोणीतरी भाषांतरित करणार आहे, आणि ‘सदर’, ‘उपरोक्त’ यांच्या जंगलात तो अनुवादक हमखास हरवतो.

नुसतं कलम टाकून भागत नाही, कृती सांगावी लागते. दोन्ही देशांत तो गुन्हा आहे का, हे तिकडचा वकील पाहतो; तुझ्या कायद्यातला आकडा त्याला काहीच सांगत नाही. कोणी, कधी, काय सांगून, किती रक्कम, कोणत्या खात्यात घेतली ते लिही. मागितलेल्या प्रत्येक नोंदीचा गुन्ह्याशी संबंध एका ओळीत दाखव. पाच वर्षांचे सगळे व्यवहार मागशील, तर ती मासेमारी, म्हणजे काही सापडतंय का म्हणून टाकलेलं जाळं, समजली जाते आणि विनंती परत येते. डिजिटल प्रत मिळाली की पाकीट उघडताक्षणी हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) काढून पाठवणाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी लिहून ठेव.

प्रशिक्षणाबद्दल थोडं. सीमेपलीकडच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 2000 च्या पालेर्मो करारानं कलम 29 मध्ये प्रशिक्षण आणि अधिकाऱ्यांची देवाणघेवाण वेगळी नोंदवली, ती उगाच नव्हे. पण व्याख्यानं ऐकून हे येत नाही. आमच्या मते एकच सराव खरा: तू विनंती लिहायची, सहकाऱ्यानं परदेशी अधिकारी होऊन ती नाकारायची, कारणासकट. मग अदलाबदल. संयुक्त (दोन किंवा अधिक देशांच्या) तपास पथकाचा सराव असेल, तर मुद्देमाल कोणाच्या ताब्यात, बचाव पक्षाला काय दाखवायचं आणि खटला कुठे चालवायचा, हे तीन प्रश्न पहिल्याच बैठकीत काढायला लाव. झडती झाल्यावर ते काढले की भांडणं होतात.

मसुदा तयार झाला की सही घेण्याआधी तिकडच्या संपर्क अधिकाऱ्याला अनौपचारिकपणे दाखव. त्यानं खुणा करून परत पाठवला तर रागावू नको, दुरुस्त कर आणि मगच रवाना कर.

कळावे.