कॅल्क्युलेटरवर ९.७३७७०१८ आलं, मग जर्नलमध्ये ९.७४ च का लिहायचं?

प्रश्न विचारणारा अकरावीतला दिसतोय. एक मीटरचा दोलक, २० दोलनांना ४०.२७ सेकंद, कॅल्क्युलेटरने दिलेली g ची (गुरुत्व त्वरणाची) लांबलचक किंमत, आणि बाई म्हणतात ९.७४ लिही. शिवाय बेरजेचा नियम वेगळा आणि गुणाकाराचा वेगळा का, हेही विचारलंय. तूच म्हणतो, माझ्या मुलीपेक्षा लहान असशील.

बाईंचं बरोबर आहे. पुढचे आकडे तू मोजलेलेच नाहीस, ते भागाकारातून पडलेत. दोरा तू मीटरपट्टीवर मोजलास, बुचापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. तो मध्य डोळ्यानेच ठरवलास ना? मग एक मिलिमीटर इकडेतिकडे धर. स्टॉपवॉच ०.०१ दाखवतं, पण अंगठा तेवढा चपळ नाही, ०.१ सेकंद तरी सोड. ४० मध्ये ०.१ म्हणजे पाव टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग आहे म्हणून अर्धा. लांबीचा ०.१ टक्का वर. मिळून ०.६ टक्के, म्हणजे ०.०६. दुसऱ्या दशांशालाच खात्री संपली. ९.७४ ± ०.०६ लिही आणि पेन खाली ठेव.

आता मी हे एवढं तावातावाने का लिहितोय ते ऐक.

१९८७, मी अकरावीत, पुण्यातलंच कॉलेज. कॉलेजचं नाव सांगत नाही. हाच प्रयोग. बुचाचे दोन अर्धे, मध्ये दोरा, टेबलाच्या पायावर खडूची खूण आणि सही करून मिळालेलं चावीचं स्टॉपवॉच, लघुतम माप ०.१ सेकंद. दोलनं मी मोजायचो, बटण पार्टनर दाबायचा. तीन रीडिंग आली: ४०.२, ४०.३, ४०.१. सरासरी ४०.२. कॅल्क्युलेटर नव्हता, लॉग टेबल होतं, आणि चार आकडी टेबलात माज करायला फार वाव नसतो. ९.७७ आलं.

सरांनी जर्नल पाहिलं आणि म्हणाले, "पुस्तकात ९.८१ आहे. परत कर." परत केलं, परत ९.७७. पार्टनरने तोवर स्वतःच्या ऑब्झर्व्हेशन टेबलमध्ये तिन्ही रीडिंग ४०.१ करून टाकली होती. ओळीने तीन ४०.१! तीनदा मोजून तिन्ही वेळा आकडा तोच, याचा संशय कुणालाही यायला हवा. सरांना आला नाही. त्याचं उत्तर ९.८२ आलं, दहापैकी नऊ मिळाले. मला सहा, वर लाल शाईत 'अचूकता कमी'.

पुढे तोच पार्टनर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा झाला. घरचा जावई, काय बोलणार! दर भाऊबीजेला श्रीखंडाची वाटी संपली की विषय निघतोच: "यांना प्रॅक्टिकलला सहा होते बरं का."

गंमत अशी की पुण्यात g ९.८१ नाहीच. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला ९.७८, ध्रुवावर ९.८३. पुणे साडेअठरा अक्षांशावर, वर साधारण ५६० मीटर उंचीवर. इथे ९.७८ च्या आसपासच येणार. पुस्तकातलं ९.८१ ज्यावरून येतं ते ९.८०६६५ हे १९०१ साली सगळ्यांच्या सोयीसाठी ठरवून घेतलेलं प्रमाण आहे. म्हणजे माझं ९.७७ पुण्याच्या खऱ्या किमतीच्या शेजारी होतं आणि नऊ मार्कांचं ९.८२ लांब. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, तेव्हा सर रिटायर झाले होते.

मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात आहे, तीस वर्षं होतील. अजून मुलं येतात, हातात ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप दाखवणारा व्हर्निअर कॅलिपर आणि रिपोर्टमध्ये लिहितात २५.०१३. अरे, तो १३ आला कुठून? व्हर्निअरला .०१२ पण दिसत नाही! याउलटही चालतं. जॉब, म्हणजे बनवलेला भाग, २५.०० भरला तर लिहितात २५. ती दोन शून्यं मोजून मिळालेली असतात, त्यांना उडवायचं नाही. ड्रॉइंगवर नुसतं २५ आणि खाली आयएसओ २७६८ मीडियम (वेगळी सूट न लिहिलेल्या मापांना किती फरक चालेल ते सांगणारं मानक) असेल तर ±०.२ चालतं. त्या दोन शून्यांसाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं.

बेरीज-गुणाकाराचं थोडक्यात: बेरजेत चूक मिलिमीटरात साठते म्हणून दशांश स्थळं बघायची, गुणाकारात टक्क्यात साठते म्हणून सार्थ अंक, म्हणजे मोजमापातून आलेले एकूण अर्थपूर्ण आकडे. पण सार्थ अंकांचे नियम म्हणजे ± ची गरिबाघरची आवृत्ती. ± काढता येत असेल तर आधी ते काढ.

एक कबुली द्यायला हवी. तोच हिशोब माझ्या रीडिंगला लावला तर ९.७७ ± ०.०६ येतं, म्हणजे ९.७१ ते ९.८३. सरांचं ९.८१ त्यात बसतं आणि मेव्हण्याचं ९.८२ सुद्धा. माझ्या दोलकाला या तिघांतला फरक कळणं शक्यच नव्हतं. सहा मार्कांवरचा माझा राग मात्र रीडिंग बदलण्याबद्दल आहे, तो कमी करणार नाही. मेव्हण्याला हा ± चा हिशोब मी अजून दाखवलेला नाही.

तुझं ९.७४ ± ०.०६ पण ९.७८ ला धरून आहे, खाडाखोड करू नकोस. आणि राउंडिंग शेवटच्या ओळीत कर, मधल्या पायऱ्यांना एक-दोन आकडे जास्त राहू दे. बोर्डाच्या पेपरात बाई सांगतात तसं.