मुलगी मुद्दाम उलट्या काढतेय की खरंच आजार आहे, हे ओळखायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही. मुलगी १९ वर्षांची, पुण्यात हॉस्टेलवर. पाच-सहा महिने झाले, जेवली की थोड्या वेळात सगळं बाहेर. वजन उतरलंय. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, रक्त सगळं नॉर्मल आलं म्हणून डॉक्टर म्हणाले, ‘मानसिक असेल’. तुमची बहीण म्हणते, बारीक व्हायला मुद्दाम करते. आणि पोरगी रडून सांगतेय की मी काहीच करत नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. पोटविकाराच्या ओपीडीत बरीच वर्षं काम करतेय आणि अशा मुली, अशा आया पाहिल्या आहेत. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्यासमोर काय मांडायचं ते सांगते.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘खाण्याचा मानसिक आजार’ असं ठरवता येत नाही. एंडोस्कोपीत जखम, सूज, गाठ दिसते. अन्ननलिका आणि जठर हलतात कसे, हे तिच्यात नीट कळत नाही. उलट बुलिमिया (खूप खाऊन मग ते बाहेर काढणं) किंवा ॲनोरेक्सिया (वजनाच्या भीतीने उपाशी राहणं) म्हणायचं तर त्यांची स्वतःची लक्षणं दिसली पाहिजेत. म्हणून ‘मुद्दाम करतेस का?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. उलटी येते कशी, हे विचारा. आधी मळमळतं का? ओकाऱ्या येतात का? घासानंतर किती मिनिटांनी? तोंडात आलेलं आंबट-कडू लागतं, की जेवणाचीच चव असते? झोपेत येतं का?

तुम्ही लिहिलंय की ती जेवल्यावर पाच-दहा मिनिटांत उठते आणि ‘आपोआप वर येतं’ म्हणते. हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. रुमिनेशन सिंड्रोम नावाचा एक त्रास आहे. त्यात मळमळ नसते, ओकारी नसते, नुकतं खाल्लेलं गुळणीसारखं तोंडात येतं. चव आमटी-भाताचीच. काही जण पुन्हा गिळतात, काही थुंकतात. अन्न आंबट होऊ लागलं की थांबतं, आणि झोपेत होत नाही. पोटाचे स्नायू नकळत आवळले जातात, त्या दाबाने अन्न वर येतं. पुष्कळदा सुरुवात एखाद्या साध्या पोटाच्या इन्फेक्शनने होते. इन्फेक्शन जातं, आवळण्याची सवय शरीराला लागून राहते. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा यायचा. त्याला समोर बसवून पोळी-भाजी खायला दिली. गुळणी येण्याच्या क्षणभर आधी त्याच्या शर्टाखाली पोट आत ओढलं गेलेलं स्पष्ट दिसलं. त्याला स्वतःला ते कधी जाणवलं नव्हतं. यावरचा मुख्य उपचार म्हणजे पोटाने श्वास घेणं. एक हात छातीवर, एक पोटावर. छातीवरचा हात स्थिर, पोटावरचा वर-खाली, जेवताना आणि जेवल्यावर. नीट शिकवणारा भेटला तर खूप फरक पडतो. ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहून मात्र मूळ त्रास जात नाही.

दुसरी गोष्ट ॲकॅलेशिया. यात अन्ननलिकेचं खालचं तोंड गिळताना उघडत नाही आणि नलिकेची अन्न पुढे ढकलण्याची हालचालही मोडते. घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, पाणीसुद्धा. अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं, त्यामुळे बाहेर येतं ते न पचलेलं. आडवं झाल्यावर येतं, रात्री खोकल्याने जाग येते, उशीवर डाग असतात. एक नवी सून आठवते. जेवता जेवता उभी राहायची, पाठ ताणून हात वर करायची, वर घटाघट पाणी प्यायची. घरच्यांना ती नाटकं वाटत. तिचा बेरियम स्वॉलो, म्हणजे बेरियमचं पांढरं औषध गिळायला देऊन काढलेला एक्स-रे, केला तेव्हा अन्ननलिका फुगलेली आणि खाली चोचीसारखी निमुळती दिसली. सुरुवातीच्या काळात एंडोस्कोपी नॉर्मल येऊ शकते. पक्कं निदान मॅनोमेट्रीने, म्हणजे नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीने होतं. हा आजार तरुण मुलींमध्ये खाण्याचा विकार समजून महिनोन् महिने तसाच राहिल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार छापून येतात. म्हणून तिला एवढं जरूर विचारा: घास अडकतो का?

कित्येक तासांपूर्वीचं, सकाळचं जेवण संध्याकाळी पडत असेल तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतोय किंवा पुढे अडथळा आहे. आपल्याकडे आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही, विशेषतः संध्याकाळचा बारीक ताप, पोटदुखी आणि वजन उतरणं एकत्र असेल तर.

आणि जर मधले आठवडे ती अगदी ठणठणीत असेल, मग अचानक पहाटे सुरू होऊन तासन् तास, कधी दोन-तीन दिवस उलट्या, पुन्हा सगळं शांत, तर सायक्लिक व्हॉमिटिंगचा, म्हणजे ठरावीक काळाने झटक्यासारख्या येणाऱ्या उलट्यांच्या आजाराचा विचार करावा लागतो. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८२ मध्येच लहान मुलांमधल्या अशा उलट्यांचं वर्णन केलं होतं. मोठ्यांनाही हे होतं. घरात मायग्रेन असतं बऱ्याचदा. गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटतं. गांजाच्या नियमित सेवनाने होणाऱ्या उलट्याही हुबेहूब अशाच असतात, तिथेही गरम पाण्यानेच आराम पडतो. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांनी तिला एकटीला विचारावा, तुम्ही खोलीबाहेर असताना. गरोदरपणाची तपासणीही तशीच, तिला विश्वासात घेऊन.

आता तुमच्या बहिणीने पाहिलेलं, ‘तिने घशात बोट घातलं’. ताई, पित्त झालं की मीठ-पाणी पिऊन किंवा बोट घालून उलटी काढणारी माणसं आपल्या घराघरात आहेत. सायक्लिक व्हॉमिटिंगचे रुग्णही मळमळ असह्य झाली की सुटका म्हणून हेच करतात. बोट घातलं, यापेक्षा कशासाठी घातलं, हे महत्त्वाचं.

बुलिमियात चित्र वेगळं असतं. थोड्या वेळात, बहुधा एकटं असताना, खूप खाल्लं जातं. हात थांबत नाही. मग भीती आणि अपराधीपणा, आणि वजन वाढू नये म्हणून उलटी, उपास किंवा अति व्यायाम. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन नियमपुस्तक) प्रमाणे हे चक्र किमान आठवड्यातून एकदा, सलग तीन महिने चालू असावं लागतं. या मुलींचं वजन बऱ्याचदा नॉर्मल असतं, त्यामुळे नुसतं बारीक होणं ही खूण नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे ताटातली निवड. जिला खरंच खायचंय पण टिकत नाही, ती जे पोटात राहतं ते शोधते: पेज, मऊ भात, ताक. वजनकाटा उतरला की घाबरते. जिला वजनाची भीती आहे, ती तूप, भात, गोड टाळते, आणि काटा वर गेला की घाबरते. यालाही अपवाद आहेत. उलट्यांच्या धास्तीने जेवणच सोडणारी मुलगी तिसरीच. तिला वजनाचं काही पडलेलं नसतं.

दात झिजणं, गालांजवळच्या लाळग्रंथी सुजणं, पोटॅशियम कमी होणं यावरून उलट्या होत आहेत एवढंच कळतं, त्या कोण काढतंय हे कळत नाही. ब्रिटनमधले मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचं वर्णन करताना बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे नोंदवले. ते नसले म्हणून आजार नाही असंही नाही. खाण्याचा विकार आहे का हे चाचपायला पाच प्रश्नांची ‘स्कॉफ’ चाचणी वापरतात, तीही जपून वाचावी. त्यात एक प्रश्न उलटी काढण्याबद्दल आहे आणि एक तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरण्याबद्दल. दोन ‘हो’ आले की पुढे तपासा म्हणतात, आणि हे दोन तर पोटाच्या रुग्णाचेही येऊ शकतात. उलट्या होत असूनही पोटॅशियम वाढलेलं, सोडियम कमी, कातडी काळवंडलेली, खारट खावंसं वाटतंय, तर मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी तपासायला हव्यात.

एक सांगायलाच हवं: दोन्ही एकत्र असू शकतं. आजाराने वजन उतरतं, मैत्रिणी ‘किती छान बारीक झालीस’ म्हणतात, आणि मग तीच गोष्ट हवीशी वाटू लागते. म्हणून ‘मानसिक नाही हे सिद्ध करा’ अशा ईर्ष्येने डॉक्टरांकडे जाऊ नका. खाण्याचा विकार निघाला तरी तो लबाडी नव्हे; जिवावर बेतणारा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

आता लगेच काय करायचं ते. तिला घरी बोलवा, पण बाथरूमच्या दाराशी कान लावून उभं राहू नका. ‘मला तुझं खरं वाटतंय, आपण दोघी मिळून शोधू’ एवढं म्हणा. आठवडाभर तिच्याच हाताने वहीत लिहू दे: काय खाल्लं, किती वाजता, किती मिनिटांनी आलं, आधी मळमळ होती का, चव कशी. ती वही घेऊन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टकडे जा आणि बेरियम स्वॉलो, मॅनोमेट्री, रुमिनेशन याबद्दल थेट विचारा. सोबत मानसोपचारतज्ज्ञांची भेटही ठेवा, हे संपल्यावर ते असं नको. उलटीनंतर लगेच ब्रश करू देऊ नका, साध्या पाण्याने चूळ भरू दे.

सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी मात्र याच आठवड्यात करून घ्या, आधीचे जुने असतील तर पुन्हा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायात गोळे, उलटीत रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, किंवा सकाळी उठताच डोकेदुखीसह उलटी, यातलं काहीही दिसलं तर वही-बिही राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा. आणि तिला कुणाशी बोलावंसं वाटलं, तुमच्याशी नाही, परक्याशी, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे. मराठीतही बोलता येतं. तो तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.